शिशातले दिवस

देवळात शिरताना लोक पायताण काढतात; शेवंता झोरे बॅटरीघरात शिरताना गमबूट चढवायची. गमबूट, कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर जाड चष्मा. असा सगळा जामानिमा करून ती रोज सकाळी दार उघडायची, तेव्हा आत चोवीस काळ्या पेट्या दोन रांगांत उभ्या असायच्या. कमरेइतक्या उंच, गव्हाणीपाशी बांधलेल्या म्हशींसारख्या गप्प.

सावरीचा मुरा ही वाडी कोयना धरणाच्या फुगवट्याच्या पल्याड, डोंगराच्या खांद्यावर. उंबरे बेचाळीस. लाँचमधून तासभर पाणी तोडायचं, मग दीड तास चढण. विजेचे खांब इथं तीनदा उभे राहिले आणि तीनदा पावसानं आडवे केले. शेवटी उतारावर सौरपट्ट्या आल्या, आणि नऊ वर्षांपूर्वी बांबूला बांधून, माणसांच्या खांद्यांवरून ह्या चोवीस पेट्या वर आल्या. शिशाच्या प्लेटा, पातळ केलेलं आम्ल, जुनीच तऱ्हा. नवी, हलकी बॅटरी शहरांच्या आणि गाड्यांच्या वाट्याला गेली होती. शेवंता तेव्हा बेचाळीस वर्षांची, दहावी झालेली आणि एकटी. "हिला सबूर हाय," एवढ्या एका गुणावर पंचांनी किल्ली तिच्या हातात दिली.

पेट्यांची रीत ती लवकर शिकली. अर्ध्याच्या खाली उतरू द्यायचं नाही. आठवड्यातून एकदा तरी वीज काठोकाठ भरायची. प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड पाणी, तेही भरून झाल्यावर. वैशाखात चार्जिंगचा दाब थोडा उतरवायचा, पुसात थोडा चढवायचा. काचेच्या नळीत थोडं आम्ल ओढून त्यात तरंगणाऱ्या काडीवरचा आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखलेल्या घरातली ती. मुक्या जिवाची तहान ओळखणं तिला कुणी शिकवावं लागलं नाही. सहा-सात वर्षांच्या बोलीनं आलेल्या पेट्या नऊ वर्षं चालल्या त्या तिच्यामुळंच.

पण यंदा त्या दमल्या होत्या. दुपारी भरलेली दिसायची ती बॅटरी दिवेलागणीलाच अर्ध्यावर यायची. पावसाळा सहा आठवड्यांवर आला होता, आणि मुऱ्यावर पावसाळा म्हणजे चार महिन्यांचं धुकं. त्यात सूर्य दिसला तर लोक एकमेकांना हाका मारून दाखवतात.

म्हणून वैशाखात कऱ्हाडहून बॅटऱ्या दुरुस्त करणारी निगार मुल्ला आली. तिशीची, सडपातळ, चढणीनं लाल झालेली. पाठीवरच्या पिशवीतून तिनं जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र काढलं आणि शेवंताच्या हातात दिलं.

"ह्याचं नाव कानोसा," ती म्हणाली. "मावशी, तुमच्या पेट्या आतून कशा आहेत ते आपण ऐकणार आहोत."

"पेट्या बोलत्यात व्हय?"

"बोलतात. आपल्याला ऐकायला येत नाही, एवढंच."

निगारला समजावून सांगायची हौस होती आणि शेवंताला ऐकायची. बॅटरी वापरली की शिशाच्या प्लेटांवर खडीसाखरेसारखे बारीक खडे धरतात. पुन्हा भरली की ते विरघळतात. बॅटरी अर्धवट राहिली तर खडे निबर होतात आणि मग विरघळता विरघळत नाहीत. कितीही नीट राखा, दर खेपेला एक झिरझिरीत पापुद्रा मागं राहतोच. पापुद्र्यावर पापुद्रा. वर्षं सरतात तशी प्लेट आतल्या आत गुदमरते. ह्यालाच आपण बॅटरी म्हातारी झाली म्हणतो.

"आता गंमत बघा," निगार म्हणाली. "वीज झपाट्यानं ओढली तर खडे बारीक पडतात. हळूहळू ओढली तर मोठे. म्हणजे कुणी, कधी, किती वीज वापरली ते त्या पापुद्र्यात उमटलेलं असतं. झाडाच्या खोडात वर्तुळं असतात ना, तसं. कानोसा निरनिराळ्या सुरांची अगदी बारीक वीज आत सोडतो आणि परत येणारा सूर ऐकतो. त्यावरून कुठला थर कसा आहे ते कळतं. मग त्या थराला मानवेल अशा ठेक्यात वीज देत तो एकेक थर सोडवत जातो. आधी वरचा, म्हणजे कालचा. मग त्याच्या आधीचा. मागं मागं, अगदी पहिल्या दिवसापर्यंत. अकरा दिवस लागतील. त्यानंतर पेट्या आणखी आठ वर्षं तुमच्या."

"आन्‌ थरातलं लिवलेलं?"

"थर विरघळताना एकदाच वाचता येतं. मग तो पाण्यात गेला."

शेवंतानं मान हलवली. हातातलं यंत्र तिनं जपून खाली ठेवलं. ते तिला एकदम जड झालं होतं.

कानोसा जोडला त्या दिवसापासून मुऱ्यावर काळ उलटा चालू लागला.

बॅटरीघराच्या भिंतीवर निगारनं एक पांढरा पडदा लावला होता. त्यावर एक हिरवी रेघ उजवीकडून डावीकडं सरकत राहायची, आणि रेघेवर मुऱ्याचे गेलेले दिवस चढायचे-उतरायचे. पाण्याचा पंप सुरू झाला की उंच सुळका. गिरणीचा बैठा डोंगर. घराघरांतल्या दिव्यांचं संध्याकाळी भरणारं आणि हळूहळू ओसरणारं तळं. पेट्यांतून मंद, एकसारखा गुंजारव येत असे, मधाच्या पोळ्यापाशी कान नेल्यासारखा. बाहेर ऊन तापलेलं, करवंदांच्या जाळ्या काळ्या झालेल्या, आणि खाली फुगवट्याचं पाणी ओसरून बुडालेल्या शेतांचे बांध पुन्हा वर आलेले.

लोक येऊन बसू लागले. मापं बघायला आलेली माणसं जुने दिवस बघत बसली.

राघूआबा आखाडे तिसऱ्या दिवशी सकाळपासून दाराशी ठाण मांडून होते. त्यांच्या नातीचं लग्न दोन वर्षांमागचं. तो दिवस आला तेव्हा रेघ दिवसभर डोंगरासारखी उंच राहिली.

"हे बाजाचं," ते बोटानं दाखवत म्हणाले. "आन्‌ हे खाली पडलंय ते? हां! वरातीला दिवा गेला हुता. शेवंते, तूच पाडला हुतास!"

"अर्ध्याच्या खाली गेली हुती बॅटरी, आबा. नवरी अंधारात नेलीत म्हणून काय बिघडलं? नांदतीय न्हवं?"

सगळे हसले. आबा मात्र पडद्याकडं बघत राहिले, तो दिवस डावीकडं सरकून पुसला जाईपर्यंत. मग त्यांनी नकळत हात जोडले आणि उठले.

शेवंता हसली खरी, पण मनातल्या मनात ती दिवस मोजत होती. दोन वर्षं मागं गेलो. आता अडीच. आठव्या दिवशी सहा वर्षं होतील.

सहा वर्षांमागच्या श्रावणात तिची वहिनी गेली होती. कमळ. शेवंताच्या थोरल्या भावाची, भागोजीची बायको; पण शेवंताला ती भावापेक्षा जवळची. कमळची फुप्फुसं चुलीच्या धुरानं आणि दम्यानं वाळत गेली होती. घरात ऑक्सिजनचं मशीन होतं, आणि ते ह्या पेट्यांवर चालायचं. ऊन न दिसता नववा दिवस. बॅटरी खोल उतरलेली. डिस्टिल्ड पाणी संपलं म्हणून शेवंता सकाळच्या लाँचनं पलीकडं गेली. जाण्याआधी पंपाची कळ खाली ओढायची होती. नाही ओढली तर टाकी रिकामी झाली की पंप आपोआप सुरू व्हायचा आणि उरलीसुरली वीज पिऊन टाकायचा. ती संध्याकाळी परतली तेव्हा बॅटरीघरातल्या साऱ्या कळा आपोआप पडलेल्या होत्या, बॅटरी तळाला गेलेली होती, आणि भागोजीच्या अंगणात माणसं जमली होती.

"लाईट गेली," भागोजी तेवढंच म्हणाला होता. "दुपारी जरा वेळ लाईट गेली आन्‌ मशीन थांबलं."

आपण पंपाची कळ ओढली होती का? शेवंताला आठवेना. ती सहा वर्षं आठवत होती. कधी हाताला कळीचा गार स्पर्श आठवायचा. पण तो त्याच दिवसाचा की दुसऱ्या कुठल्या, कोण सांगणार? भागोजीनं तिला कधी बोल लावला नाही. तो तिच्याशी बोललाच नाही. समोरासमोर दारं, आणि सहा वर्षांत एक शब्द नाही. बाकीच्यांनीही तोंडावर काही म्हटलं नाही, पण पाण्यावर बायका एकदम गप्प झाल्या की शेवंताला समजायचं. त्यानंतर तिनं पेट्यांचा एक आकडा कधी चुकवला नाही.

सातव्या दिवशी दुपारी ती निगारजवळ बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

निगारनं पडद्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "मावशी, मी पडदा बंद ठेवू शकते. थर विरघळतील, कुणाला काही दिसणार नाही. काम तेवढंच होईल."

"आन्‌ मग?"

"मग काही नाही. कधीच कळणार नाही."

बाहेर होला घुमत होता. शेवंतानं पेट्यांवरून नजर फिरवली. न कळण्याची तिला सवय झाली होती. अंगावरच्या जुन्या घोंगडीसारखं ते टोचायचं आणि ऊबही द्यायचं. उद्या ती घोंगडी निघाली तर खाली काय असेल?

ती उठली, गमबूट काढले आणि सरळ भागोजीच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

तो दोर वळत बसला होता. डोक्याला मळकट पागोटं, मिशा पार पांढऱ्या. त्यानं वर पाहिलं नाही.

"दादा," ती म्हणाली. "उद्या वहिनीचा दिवस येतोय. पडद्यावर. माझी चूक असंल तर ती दिसंल. तुझ्यासमोर दिसू दे. ये."

दोर वळणारे हात थांबले. सहा वर्षांनी त्याचा आवाज तिच्या कानावर पडला, तो गंजलेल्या बिजागरीसारखा.

"बंद कर म्हणावं त्ये. बघू नगंस."

"का?"

तो पुन्हा दोर वळू लागला. शेवंता परत फिरली. त्याला माझं तोंडसुद्धा बघायचं नाही, तिला वाटलं; चूक डोळ्यांनी बघितल्याशिवायच त्यानं मला दोषी धरलंय.

तरीही रात्री झोपण्याआधी तिचं ठरलं होतं. पडदा चालू राहील.

आठव्या दिवशी निगारनं बाकीच्या लोकांना गोड बोलून परत पाठवलं. ऊन डोक्यावर आलं होतं तेव्हा दारात सावली पडली. भागोजी आला होता. पागोटं काढून हातात धरलेलं. तो आत आला नाही, चौकटीला टेकून उभा राहिला.

 पेट्या गुंजत होत्या.

रेघ मागून पुढं यायची, त्यामुळं आधी त्या दिवसाची संध्याकाळ आली. रेघ तळाला: बॅटरी संपली. मग तिच्या आधीची दोन तासांची उंच भिंत.

"सगळ्या मुऱ्यानं एकदम दिवे लावलेत," निगार हलक्या आवाजात म्हणाली. "साडेतीनपासून. बेचाळीस घरं. ह्यांनीच बॅटरी तळाला नेलेली दिसते."

माणसं कमळच्या घरी धावली होती ना. धुक्यानं दुपारीच अंधारलेलं. घराघरांतून दिवे लागले असणार.  आता ह्याच्या आधी मशीन थांबलं असेल. आणि त्याच्या आधी पंपाचा सुळका.

भिंत संपली. मागं एक बारीक, सरळ रेघ राहिली, केसाएवढी.

"हे काय?" शेवंतानं विचारलं.

"एक दिवा," निगार म्हणाली. "एकच. तीन दहापासून वीसेक मिनिटं. बाकी काही नाही."

"आन्‌ मशीन?"

तेवढ्यात ते पडद्यावर आलंच. ऑक्सिजनच्या मशीनमध्ये दोन नळकांडी असतात. एक भरतं तेव्हा दुसरं रितं होतं. त्याची वीजही तशीच लाटेनं जाते. पडद्यावर एकेक लाट उमटू लागली. वर, खाली. वर, खाली. कुणी झोपेत श्वास घ्यावा तशी. शेवंताचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला.

"तीन दहाला मशीन थांबलंय," निगार सावकाश म्हणाली. "त्या वेळी बॅटरीत एकतीस टक्के होते, मावशी. मशीन दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत चाललं असतं. वीज गेली नव्हती."

"आन्‌ पंप?"

लाटा मागं मागं चालत राहिल्या. दुपार, अकरा, दहा, नऊ. सकाळी साडेसातला एक उंच सुळका आला, आठला मिटलेला. त्यानंतर, टाकी रोज दुपारीच रिकामी होत असूनही, दिवसभर पंप नव्हता. कळ ओढलेली होती.

शेवंता भिंतीला पाठ लावून खाली बसली. सहा वर्षं शोधलेला तो गार स्पर्श खरा होता, त्याच दिवसाचा होता. पण सुटल्यासारखं वाटायच्या आधीच तिच्या मनात दुसरी गोष्ट उभी राहिली. वीज होती. मशीन थांबलं. मग ते थांबलं कसं?

तिनं दाराकडं पाहिलं.

"दिवा म्या लावला हुता," भागोजी म्हणाला.

त्याचा आवाज आता गंजका नव्हता. फार दमलेला होता.

"आठ दिस ती झोपली न्हवती, शेवंते. मशीन चालू असून जीव वर-खाली हुत हुता. मला म्हणाली, बंद करा आता ते. त्याचा आवाज नगं. पाऊस ऐकू दे. म्या न्हाई म्हणालो. दोन दिस न्हाई म्हणत हुतो. मग तिनं माझा हात धरला आन्‌ त्या बटनावर ठिवला." त्यानं पागोटं दोन्ही हातांनी घट्ट आवळलं. "मग म्हणाली, दिवा लावा, तोंड दिसू दे. लावला. वीस मिनटं म्हणती व्हय ही पोर? मला वाटलं, घटकाभरच हुती."

"आन्‌ लाईट गेली म्हणालास."

"माणसं आली. काय सांगू कळंना. तोंडातनं तेवढंच निघालं. तुझं नाव न्हाई घेतलं म्या. पण लोकांनी घेतलं, आन्‌ म्या घिऊ दिलं. तुझ्याकडं बघायची छाती झाली न्हाई. रोज वाटायचं उद्या सांगू."

 निगार कानोशाला जोडलेल्या कीबोर्डवर हात तसेच ठेवून खाली बघत होती. ती अडखळत म्हणाली, "हा दिवस… पडद्यावरून जाईल, पण माझ्याकडं नोंद राहते. ठेवू की काढून टाकू?"

"ठेव," भागोजी म्हणाला. "सगळ्यांस्नी दाव."

"काढून टाक," शेवंता म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा कोरडा होता. "माझ्या वहिनीचं मरण मशीनमदी नगं. ज्याला सांगायचंय त्यानं आपल्या तोंडानं सांगावं."

आणि ती भावाच्या अंगावरून, त्याला न शिवता, बाहेर पडली.

ती उतरत उतरत पार पाण्यापर्यंत गेली. ओसरलेल्या पाण्यातून वर आलेल्या बांधावर बसली. चिखल वाळून भेगाळला होता आणि भेगांत कोवळं गवत होतं. राग येत होता, आणि रागात रडू नव्हतं. सहा वर्षं! पाण्यावरची ती गप्प होणारी तोंडं. वहीतले आकडे, दोन-दोनदा तपासलेले. मग हळूहळू तिला ती केसाएवढी रेघ दिसू लागली. एकेचाळीस घरं अंधारात, आणि एका घरात एक दिवा, वीस मिनिटं. त्या उजेडात एक माणूस एका बाईचं तोंड बघत बसलेला. तिनं ते मनातून काढायचा प्रयत्न केला. निघेना. समोर पाणी इतकं निश्चल होतं की पलीकडचा डोंगर उलटा होऊन त्यात झोपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका पाण्यावर होत्या तेव्हा भागोजी तिथं जाऊन उभा राहिला. काय म्हणाला ते शेवंतानं ऐकलं नाही. ती बॅटरीघरात आकडे घेत होती. पण दुपारी राघूआबा आले, दाराशी बराच वेळ घुटमळले आणि "शेवंते, ताक पाठवलंय घरी," एवढंच म्हणून गेले. संध्याकाळपर्यंत तिच्या घरी चार ठिकाणचं ताक आलं. इतकं ताक एकट्या बाईनं करायचं काय? तिनं कढी केली आणि निगारला पोटभर वाढली.

अकराव्या दिवशी कानोसा पहिल्या दिवसाच्या थरापाशी पोचला: बांबूवरून पेट्या वर आल्या ती संध्याकाळ, मुऱ्यावर लागलेला पहिला दिवा. तोही डावीकडं सरकला आणि पडदा कोरा झाला. निगारनं सगळ्या पेट्या सारख्या करणारं शेवटचं चार्जिंग लावलं. पेटीत जड आम्ल तळाला बसतं आणि पाणी वर राहतं. जरा जास्त दाबानं भरलं की बुडबुडे उठतात आणि सगळं पुन्हा एकजीव होतं. चोवीस पेट्यांतून आधणासारखा बारीक खदखदाट येऊ लागला. शेवंतानं खिडक्या सताड उघडल्या. आकडे घेतले. चोवीसच्या चोवीस सारखे.

"तरण्या झाल्या," निगार हसून म्हणाली. ती दुपारच्या लाँचनं गेली. शेवंता तिला अर्ध्या वाटेपर्यंत पोचवून आली.

परत आली तेव्हा भागोजी बॅटरीघराबाहेरच्या दगडावर बसला होता. ह्या वेळी शेवंता त्याच्या अंगावरून पुढं गेली नाही. समोरच्या दगडावर टेकली. उन्हं कलली होती, आणि उतारावरच्या सौरपट्ट्यांत आभाळ पडलं होतं.

"वहिनी शेवटी काय म्हणाली?" तिनं विचारलं.

भागोजीनं पागोटं मांडीवर ठेवलं. 

"दिवा लावला तवा त्याच्याकडं बघून हसली. म्हणाली, नऊ दिस ऊन न्हाई, तरी हाय बघा. मग म्हणाली…"  त्यानं पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "म्हणाली, शेवंताला सांगा, पुरली गं तुझी बॅटरी. मला पुरून उरली."

 खालून म्हशी परतत होत्या. त्यांच्या गळ्यांतल्या लाकडी घंटा चढणीवर कुठंतरी वाजत होत्या. बऱ्याच वेळानं तिनं भावाकडं नीट पाहिलं. तो किती म्हातारा झाला होता!

"उद्या सकाळी ये," ती म्हणाली. "चोवीस पेट्यांचं पाणी बघायचंय. घरातनं जुना चष्मा घिऊन ये डोळ्याला, आन्‌ पायात कायतरी घाल."